वाक्यांच्या दोरीवरचा चिमटा

मी चिमटा बोलतोय. कपडे वाळत घालायचा, लाकडाचा, बोटभर लांबीचा. सावकाश सांगणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. मला घाई जमत नाही. घाई करणाऱ्या चिमट्याच्या तोंडातून कपडा सुटतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. आणि मी काही शिकलेला नाही. माझ्या अंगावर इंग्रजीतला एक शब्द लिहिलाय, तोही मला वाचता येत नाही. लोक मला ज्या नावानं मागायचे, त्यावरून मला माझं नाव कळलं.

माझा जन्म सुताराच्या कारखान्यातला. तिथे खुर्च्या व्हायच्या. खुर्च्यांचे पाय कापून जे तुकडे उरायचे, त्यांचे आम्ही चिमटे. माझं एक पान, म्हणजे एक फळी, फिकट आहे, दुसरं जरा तांबूस. म्हणजे दोन वेगळ्या झाडांची. ती झाडं कुठे वाढली, त्यांनी कधी एकमेकांचा वारा तरी खाल्ला का, कोण जाणे. एका बाईनं दोन पानांच्या मध्ये तारेची स्प्रिंग बसवली, आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, अरे, मी आहे. त्याआधी नुसत्या दोन ढलप्या होत्या.

पिशवीत भरून आम्ही आलो ते एका हॉटेलच्या लाँड्रीत. खाली मशीनचा घरघराट, वाफ, साबणाचा वास. वर मोकळी गच्ची, आणि गच्चीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. सकाळी दोऱ्यांवर चादरी चढायच्या. वारा आला की सगळ्या एकदम फुगायच्या, आणि मला वाटायचं, आता ही गच्ची सुटणार आणि आम्ही सगळे हळूच कुठेतरी निघणार. कुठेच जायचो नाही, हे खरं. पण डोळा लागल्यासारखं व्हायचं. माझी निम्मी नोकरी अशी झोपेत झाली म्हणा ना.

गच्चीवर राज्य होतं कडक मावशीचं. कपड्यांना खळ घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि स्वभावही तसाच, खळ घातलेला. म्हणून कडक मावशी. तोंडावर कोणी म्हणायचं नाही. पण तिला ठाऊक होतं.

मावशीचे नियम होते. पहिला, दोन कडांना एक चिमटा. एका चादरीची कड दुसरीच्या कडेवर ठेवायची आणि दोन्ही मिळून एकाच चिमट्यात धरायच्या. निम्मे चिमटे वाचतात, जागा वाचते, आणि चादरी एकमेकींना सावरून धरतात. दुसरा, पांढऱ्याशेजारी रंगीत टांगायचं नाही. तिसरा, दोरीवर मोकळी जागा सोडायची नाही. नवी मुलगी कामाला आली की मावशी तिला आधी हे तीन नियम शिकवायची, मग नाव विचारायची.

पण साबण-पाण्यात हयात गेली, आणि मावशीच्या हातांनी दगा दिला. तळव्यांना भेगा पडल्या. बोटांची टोकं बधिर झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "यापुढे ओल्या कामात हात घालायचा नाही. घातलात तर हात माझ्याकडे घेऊन येऊ नका."

मावशी देखरेखीच्या बाईंकडे गेली. या बाई हॉटेलातल्या सगळ्या धुण्या-पुसण्यावर नजर ठेवायच्या. त्या म्हणाल्या, "कोरडं काम एकच आहे, कपड्यांच्या कोठीचं. कोठी सांभाळणाऱ्या आजी या महिन्यात घरी बसतायत. पण तिथे रोज संध्याकाळी अर्धं पान इंग्रजीत लिहून द्यावं लागतं. वरच्या साहेबांना दुसरी भाषा येत नाही."

"काय लिहायचं असतं त्यात?"

"दिवसभरात काय झालं ते. आणि का झालं ते. पंधरा दिवसांनी मला एक पान लिहून दाखवा. जमलं तर किल्ली तुमची. दुसऱ्याही दोघी-तिघी येणार आहेत, हे आधीच सांगते. नाही जमलं तर..." बाईंनी मावशीच्या हातांकडे पाहिलं. "नाही जमलं तर महिनाअखेरपर्यंत बघू."

मावशीला इंग्रजी अक्षरं येत होती. साबणाच्या पोत्यांवरून, औषधांच्या बाटल्यांवरून ती एकेक करून ओळखीची झाली होती. चार-चार शब्दांची वाक्यंही जमायची. पण ती वाक्यं सुटी. ओल्या रुमालांचा ढीग पडावा तशी. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

घरी सूनबाई होती. शाळेत इंग्रजी शिकवायची. मुलगा लांब बोटीवर कामाला, घरात या दोघीच. भांडण नव्हतं, पण बोलणंही मोजकं. सूनबाईनं वही आणून दिली, पेन दिलं, समोर बसली. तिसऱ्या ओळीला मावशी बसल्या जागी पेंगली.

"आई, अहो आई! झोपलात?"

"नाही गं. डोळे मिटून वाचत होते."

मग एका सुट्टीच्या दिवशी सूनबाई सासूचा डबा घेऊन गच्चीवर आली. चादरी वाळत होत्या. ती बराच वेळ बघत उभी राहिली. दोन कडा, एक चिमटा. दोन कडा, एक चिमटा. मग एकदम हसली आणि म्हणाली, "आई, यातले पाच-सहा चिमटे घरी नेऊ? तुम्हाला इंग्रजी येतं. तुम्ही रोज हेच तर करता!"

असा मी मावशीच्या घरी आलो.

सूनबाईनं शाईच्या पेनानं आमच्या पाठीवर एकेक शब्द लिहिला. माझ्याशेजारचा 'अँड' झाला, पलीकडचा 'बट'. एक 'सो', एक 'ऑर', एक 'ऑलदो'. आणि मी 'बिकॉज'. गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. मग तिनं घराच्या गॅलरीत दोरी बांधली, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या, आणि एकेका पट्टीवर मावशीनं एकेक वाक्य लिहायचं ठरलं. दोन वाक्यांच्या कडा एकमेकींवर ठेवायच्या आणि मध्ये चिमटा लावायचा. योग्य तो चिमटा.

रोज दुपारी काम संपवून मावशी घरी यायची आणि गॅलरीत उभी राहायची. पट्टी हातात घेऊन आधी इंग्रजीत वाचायची, मग स्वतःलाच आपल्या भाषेत समजावून सांगायची. म्हणून मला सगळं कळायचं. उतरतं ऊन पट्ट्यांमधून आरपार यायचं, शब्द उलटे दिसायचे, वाऱ्यावर हलायचे. मला अर्धवट झोपेत कळेना, की या चादरी आहेत का वाक्यं. चादर अंगावर घेऊन माणूस झोपतो. वाक्य अंगावर घेऊन कोणी झोपत असेल का? असं काहीबाही मनात येत राहायचं.

पहिल्या दिवशी मावशीनं सगळी वाक्यं 'अँड'नंच जोडली. सूनबाई शाळेतून येऊन बघते तर काय, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग एकच वाक्य!

"आई, अहो याला श्वास कुठे घ्यायचा? मध्ये कुठेतरी सोडा की मोकळी जागा."

"मोकळी जागा? दोरी फुकट जाते."

"वाक्यांची दोरी फुकट जात नाही. दोन-दोन, फार तर तीन-तीन जोडा. मग पूर्णविराम. वाचणाऱ्याला दम लागतो हो."

मावशीनं तोंड वाकडं केलं, पण सोडली जागा. बोटभर.

'बट'शी तर तिचं जमेचना. 'मशीन नवीन आहे' आणि 'मशीन आवाज करतं' या दोन पट्ट्या सूनबाईनं शेजारी ठेवल्या. मावशीनं लगेच लांब केल्या.

"एक चांगली, एक वाईट. शेजारी टांगली तर रंग लागेल."

"नाही लागत आई. वेगळ्या रंगाच्या दोघी शेजारी राहाव्यात, म्हणूनच तर हा चिमटा आहे. मला आणि तुम्हाला नाही का एकाच घरात टांगलंय?"

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. "मग पांढरी कोण?"

"ते भांडण आपण परीक्षेनंतर करू."

त्या दिवशी दोघी बराच वेळ हसत होत्या. शेजारच्या खिडकीतली बाई डोकावून गेली.

आणि एकदा 'ऑलदो'ची गंमत झाली. मावशीनं एका जोडावर 'ऑलदो'ही लावला आणि 'बट'ही. आपल्याकडे 'जरी' आलं की मागून 'तरी' येतंच, तसं. सूनबाई म्हणाली, "इंग्रजीत जरी आला की तरीला घरीच ठेवायचं. दोघांना एका वेळी कामाला लावायचं नाही."

"म्हणजे दोन कडांना एकच चिमटा?"

"एकच."

"मग असं आधी सांगायचंस ना! नियमच सांगत नाहीस आणि पुस्तकातलं बोलत बसतेस."

त्यानंतर ती चूक मावशीकडून कधी झाली नाही.

हे सगळं चाललं होतं आणि मी चिमट्यांच्या वाटीत पडून होतो. मावशी मला हात लावायची नाही. सूनबाई म्हणायची, "आई, बिकॉज घ्या ना. लाँड्रीत झालं तेच लिहा. 'चादरी उशिरा आल्या, कारण बॉयलर बंद पडला.' किती सरळ आहे." मावशी 'सो' उचलायची आणि वाक्यं उलटी फिरवून घ्यायची. बॉयलर बंद पडला, म्हणून चादरी उशिरा आल्या. तेही बरोबरच होतं, आणि अशा वाक्यांचं बॉयलरवर पानभर जमलं. सूनबाई म्हणाली, "चालेल. पण याच्याशी काय वाकडं आहे तुमचं?"

"नोकरीला लागल्यापासून एकच ऐकत आलेय, कारणं सांगू नकोस. आता म्हातारपणी कारणं सांगायला शिकू?"

मला वाईट वाटलं नाही. वाटीत पडून राहण्यातही एक सुख असतं. पण मी चिमटा आहे. माणूस कुठे घट्ट धरतोय आणि कुठे हात चोरतोय, हे मला अंगाला कळतं. मावशीच्या हातात मला टाळण्याचं दुसरंच काहीतरी कारण होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मावशी लवकर घरी आली. सूनबाई शाळेत होती. मावशीनं एका पट्टीवर काहीतरी लिहिलं, हळूहळू, खोडत. ती पट्टी दोरीवर ठेवली. मग वाटीत हात घातला आणि मला उचललं. तिच्या बोटांच्या भेगा माझ्या पाठीला लागल्या. चिरलेल्या लाकडासारख्या, आपल्याच जातीच्या. पट्टीच्या कडेवर तिनं दुसरी कोरी पट्टी ठेवली आणि दोन्ही माझ्या तोंडात दिल्या. मग ती खुर्ची ओढून समोर बसली.

ऊन सरकत गेलं. कोरी पट्टी हलत राहिली. तिच्यावर काहीच नव्हतं, तरी ती मला लिहिलेल्या पट्टीपेक्षा जड वाटत होती. हे कसं, ते मला सांगता येणार नाही.

सूनबाई आली. चपला काढता काढताच तिनं पाहिलं.

"आई, ही कोरी का टांगलीत? शब्द अडला का?"

"शब्द नाही अडला. जीव अडलाय."

सूनबाईनं पहिली पट्टी वाचली. तीस चादरी गुलाबी झाल्या. ती खाली बसली.

मग मावशीनं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी लाँड्रीत तीस पांढऱ्या चादरी गुलाबी निघाल्या होत्या. गाठोड्यात एक लाल नॅपकिन राहिला होता. मोठं मशीन चालवायचे ते भाऊ, त्यांच्यावर सगळं आलं. टाकण्याआधी बघितलं का नाही, म्हणून. त्यांचं मशीन काढून घेतलं आणि त्यांना गाठोडी वाहायला लावलं. पण त्या दिवशी कपडे निवडून गाठोडं बांधलं होतं मावशीनं. चादरीच्या घडीत नॅपकिन होता, आणि बधिर बोटांना तो लागला नाही. तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. ती गप्प राहिली. हात गेलेत हे कळलं असतं तर काम गेलं असतं.

"भाऊंना माहितीये?"

"त्यांना वाटतं, त्यांचीच चूक. मान खाली घालून वाहतात बिचारे. जिन्यात भेटले तर मलाच विचारतात, मावशी, हात बरे आहेत का."

सूनबाईनं ती पट्टी पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आई, खरं बोलू? उद्या हे लिहिलंत तर कोठी गेली म्हणून समजा. बॉयलरचं पान किती छान बसलंय तुमचं. तेच लिहा. भाऊंचं मग बघू, सावकाश."

"बॉयलरचं छान बसलंय. बॉयलरला पाठ नाही ना दुखायला."

"आणि उद्यापासून काय करायचं?"

"ते मला माहीत नाही." मावशीनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "पण तू मला जोडायला शिकवलंस आणि मी एवढंच एक सुटं ठेवलं, तर मग शिकले काय?"

सूनबाई उठली. मला वाटलं, चिडून आत गेली. ती आतून पेन घेऊन आली आणि सासूच्या हातात दिलं.

"लिहा. स्पेलिंग मी बघते."

माझ्या तोंडात धरलेल्या कोऱ्या पट्टीवरच मावशीनं लिहिलं. पेनाची टोचणी मला दाढेपर्यंत जाणवली.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या अ‍ॅप्रनच्या खिशात होतो. कोठीत आणखी दोघी लिहायला बसल्या होत्या. मावशीनं पान लिहून दिलं. देखरेखीच्या बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"वाक्यं चांगली आहेत," बाई म्हणाल्या. "पण मावशी, आता मी किल्ली कशी देऊ? वर विचारतील, दोन महिने जी गप्प बसली तिच्या हातात कोठी कशाला?"

"नका देऊ."

"मग लिहिलंत कशाला हो? बॉयलरचं लिहायचं. बाकी दोघींनी तेच लिहिलंय."

"तुम्हीच म्हणाला होतात. काय झालं ते, आणि का झालं ते."

बाईंनी पान घडी घालून मावशीला परत दिलं. किल्ली एका तरुण मुलीला मिळाली. बॉयलर त्या आठवड्यात बऱ्याच जणांच्या कामी आला म्हणायचं. मावशीला सांगितलं, महिनाअखेरपर्यंत गच्चीवर बसून नव्या मुलींना शिकवा, पाण्यात हात घालू नका, पुढचं पुढे. आणि भाऊंना बोलावून त्यांचं मशीन परत दिलं.

तीन दिवस भाऊ मावशीशी बोलले नाहीत. जिन्यात तोंड फिरवायचे. मावशी गच्चीवर बसायची आणि खिशातल्या खिशात मला दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची.

चौथ्या दिवशी भाऊ वर आले.

"मशीन मिळालं परत."

"ऐकलं."

"दोन महिन्यांत पाठीचा पार खुळखुळा झाला माझ्या."

"हो."

"नुसतं हो? घरी बायको म्हणायची, तुमचं लक्ष कुठे असतं. मी म्हणायचो, बाई, माझंच चुकलं. तिच्यापुढे कान धरले मी, मावशी! न केलेल्या चुकीचे!"

"भाऊ, इंग्रजीत लिहून झालंय. आता तुम्हाला तोंडानं सांगते." आणि मावशीनं सांगितलं. काय झालं ते. मग का झालं ते. मध्ये थांबली नाही. शेवटी म्हणाली, "भ्याले. दुसरं कारण नाही."

भाऊ कठड्याला टेकून ऐकत होते. मग म्हणाले, "त्या कागदात माझं नाव आहे?"

"आहे. दोनदा."

"दाखवा."

मावशीनं कागद काढला. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं. तिनं बोट ठेवून दाखवलं. ते वाकून बघत राहिले.

"बारीकच दिसतंय हो. मला वाटलं, इंग्रजीत जरा भारदस्त दिसेल."

"माझं अक्षरच बारीक आहे."

भाऊ हसले नाहीत. पण कागद परत देताना त्यांनी तो नीट घडी घालून दिला. जिन्याकडे जाता जाता थांबले. "मशीनबरोबर घड्या घालायचं टेबलही माझ्याकडे आलंय. समोरचं माणूस कोण घ्यायचं ते मशीनवाल्यानं ठरवायचं असतं. मोठी चादर एकट्याला घडी घालता येत नाही." पाठमोरेच बोलत होते. "कोरडं काम आहे. दुसरं टोक धराल का?"

मावशी उठून त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली. 

"पण गाठोडं मी तपासणार," भाऊ म्हणाले. "रोज. तुमच्यासमोर."

"तपासा. न तपासता घेतलंत तर मीच ओरडेन."

तेव्हापासून मी घड्यांच्या टेबलावर असतो. एका खिळ्याला दोरा, दोऱ्याला मी, आणि माझ्या तोंडात एक कागद. फाटलेल्या, विटलेल्या चादरी कोठीतून बाद करायच्या, तर त्याची चिठ्ठी वर पाठवावी लागते. ती मावशी लिहिते. भाऊ चादरीचं एक टोक धरतात, ती दुसरं. दोघं जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात, आणि एवढी मोठी चादर बघता बघता मांडीएवढी होते. वाफेत ते सगळं मला धुक्यातलं वाटतं. कधी दोघं बोलतात, कधी नाही. शाळेला सुट्टी असली की सूनबाईही येते, चिठ्ठ्या वाचते, आणि काही न बोलता एखादा स्वल्पविराम घालून जाते. मावशी बघते आणि तिकडे पाठ करते.

चिठ्ठीत बहुतेक वेळा एकच वाक्य असतं. ही चादर फाटली, कारण ती जुनी झाली होती. मावशी ते मोठ्यानं वाचते, म्हणून मला पाठ झालंय. पुष्कळ कारणं धरली मी या तोंडात. पण हे कारण धरायला मला सगळ्यात आवडतं. यात कोणाची चूक नसते, कोणाला भ्यावं लागत नाही.

माझं फिकट पान आता कडेला चिरलंय. स्प्रिंग गंजलीय. पाठीवरची शाई इतकी पुसट झालीय, की मला 'बिकॉज' म्हणून कोणी उचलणार नाही. मी नुसता चिमटा झालोय, आणि त्याचं मला काही वाटत नाही. कागद धरता धरता डोळा लागतो. धरून मात्र ठेवतो.

एक दिवस धरवणार नाही. कागद खाली पडेल, कोणीतरी वाकून उचलेल आणि विचारेल, अरे, हा चिमटा का तुटला? तेव्हा एकमेकांकडे बघू नका. कोणी जोरात दाबला, कोणी पाडला, असलं काही शोधू नका. माझं एवढं ऐका. सरळ सांगा, तो म्हातारा झाला होता.